आधी मळी, मग रंग

तुळशीचं लग्न लागलं की सातारा-सांगलीकडच्या दातांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येऊ लागतो. हळदीला चार दिवस उरलेले असतात, फोटोवाल्याला पैसे देऊन झालेले असतात, आणि नवरा मुलगा (कधी नवरी) खुर्चीत बसून विचारतो, "दात पांढरे करून मिळतील का?" सोबत आलेली आई तोंडावर पदर धरून बाजूला बसलेली असते. तिच्या दातांबद्दल कुणी विचारत नाही, तीही बोलत नाही.

चार दिवसांत काय होईल, चार आठवड्यांत काय होईल आणि काय कधीच होणार नाही, हे सगळं एकाच गोष्टीवर ठरतं: रंग दाताच्या कुठल्या थरात बसला आहे. हे न बघता पांढरं करण्याच्या मागे लागलं की पैसे जातात आणि कधी दातही जातात.

कराड, शिराळा, वाळवा या भागात गुऱ्हाळ पाहिलेलं नाही असा माणूस विरळा, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. काहिलीत रस तापला की त्यात भेंडीचं चिकट पाणी घालतात. रसातली घाण त्याला चिकटून मळी होऊन वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. ही झाली सफाई. काही गुऱ्हाळांत गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉसची पावडरही टाकतात. तिने घाण निघत नाही. रसातला रंगच तेवढा फिका पडतो, आणि असा गूळ साठवणीत पुन्हा काळवंडतो. दातांच्या दवाखान्यातही हीच दोन वेगळी कामं आहेत. स्केलिंग म्हणजे मळी काढणं, ब्लीचिंग म्हणजे रंग उडवणं. दातांवर वापरतात ते रसायन निराळं आहे. हायड्रॉस ऑक्सिजन काढून घेतं, दातांवरचं पेरॉक्साइड ऑक्सिजन देतं. पण सफाई वेगळी आणि रंग उडवणं वेगळं, हा भेद गुऱ्हाळातला माणूस चटकन ओळखतो.

आता दाताची रचना. निरोगी दात मुळात कागदासारखा पांढरा नसतोच. बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं, आणि ते पूर्ण अपारदर्शक नसतं, दुधी काचेसारखं असतं. त्याखालचा डेन्टीनचा थर नैसर्गिकच पिवळसर असतो आणि तो कवचातून दिसतो. वय वाढतं तसं कवच झिजतं, डेन्टीन जाड आणि गडद होतं, आणि पन्नाशीनंतर दात पिवळे दिसू लागतात. तो रोग नाही. कवचात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे झिजलेलं कवच पुन्हा वाढत नाही. हे एक वाक्य घरगुती उपायांकडे वळताना लक्षात ठेवायचं आहे.

दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचं एक अतिपातळ आवरण दातावर चढतं. चहातली तुरट द्रव्यं, तंबाखूचा काळा अंश, पानातला कात, आमटीतली हळद, सगळे आधी या आवरणाला चिकटतात. त्यावर जंतूंचा मऊ थर जमतो, लाळेतलं कॅल्शियम त्यात मुरतं आणि तो दगडासारखा कडक होतो. हीच दातांवरची कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूने ती जास्त साठते, कारण लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात. मऊ थर ब्रशने निघतो, कडक झालेली कीटण कितीही घासली तरी निघत नाही.

ती काढायला दवाखान्यात कंप पावणारं टोक असलेलं यंत्र वापरतात. ते टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा कंप पावतं, त्याने कीटणीला तडे जातात आणि सोबतच्या पाण्याच्या फवाऱ्याने ती वाहून जाते. पाणी दुसरंही काम करतं, टोक तापू देत नाही. मग रबराच्या छोट्या कपात बारीक पेस्ट घेऊन दात गुळगुळीत करतात. गुळगुळीत पृष्ठभागावर डाग उशिरा बसतो, म्हणून हे पॉलिशिंग टाळू नये. चहा, पान आणि तंबाखूचे बहुतेक डाग एक-दोन भेटींत इथेच संपतात. हळदीला चार दिवस उरलेल्या मुलासाठी एवढंच पुरेसं आहे, आणि पुष्कळदा त्याला हवं असलेलं सगळं यातच मिळून जातं.

पण आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: "दात साफ केले की ढिले होतात." त्यापायी माणसं वर्षानुवर्षं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. असं वाटण्यामागे खरं कारण आहे, म्हणून ते नीट सांगायला हवं. कीटण हिरडीखाली सरकत जाते, हिरडी सुजते, दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. या सगळ्या काळात दातांच्या मधली जागा कीटणीनेच भरलेली असते आणि तीच दातांना बांधून धरल्यासारखी वाटते. कीटण काढली की फटी उघड्या पडतात, जिभेला लागतात, मुळं थंडगार पाण्याने सळसळतात, आणि जो दात आधीच हलत होता तो हलतो हे आता कळतं. यंत्राने दात ढिला झालेला नसतो. उलट कीटण तशीच ठेवली तर पुढेही हाड झिजतच राहतं. साफसफाईनंतर सूज उतरून हिरडी घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवरची सळसळ सोसावी लागते.

आता त्या आईकडे येऊ. मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तीच वाटते.

एके काळी आपल्याकडे दात काळे करणं हे सुवासिनीचं लेणं होतं. दातवण लावायचं ते त्यासाठीच. हिराकशीतलं लोह आणि हिरड्यासारख्या फळांतली तुरट द्रव्यं एकत्र आली की काळा रंग होतो. जुनी शाईही याच रसायनाने व्हायची. (लोहाचं पातळ औषध पिणाऱ्या मुलांचे दात काळे पडतात तेही लोहामुळेच. ते वरवरचं असतं, साफ होतं. औषध चमच्याने मागच्या जिभेवर घालून वर पाणी दिलं तर डाग पडतही नाहीत.) दातवण गेलं. मिशरी मात्र राहिली. कुठे तिला मशेरी म्हणतात, कुठे मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. पहाटे शौचाला जाण्याआधी एकदा, मग भाकऱ्या थापून झाल्यावर, मग शेतावरून आल्यावर. "मिशरी लावल्याबिगर डोकं धरतं", "पोट साफ होत न्हाई" असं बायका सांगतात, आणि त्या खरं तेच सांगतात. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, आतड्यांना चालना देतं, आणि ते मिळालं नाही की डोकं धरतं. ती दात घासण्याची सवय राहिलेली नसते, ते व्यसन झालेलं असतं. तंबाखू भाजताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण होणारी द्रव्यंही तयार होतात. खरखरीत पुडीने हिरडीलगतचं कवच झिजतं, खालचं पिवळं डेन्टीन उघडं पडतं, त्यावर काळपट थर बसतो. म्हणजे मिशरीने दातांवर मळीही चढते आणि दात झिजतातही. दुखणाऱ्या दाताला मिशरीने बरं वाटतं ते काही काळ बधिरता येते म्हणून. कीड आत आपलं काम करतच असते.

महाराष्ट्रातल्या खेड्यांत तोंडाच्या कर्करोगाची मोठी पाहणी फार पूर्वी झाली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली होती. २००४ साली मुंबईतल्या गर्भवतींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूर नसलेली तंबाखू, त्यात मुख्यतः मिशरी, वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, २०१२ च्या जुलैत महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीपर्यंत कुठलाही कायदा पोचत नाही. तिथे पोचतात ती घरचीच माणसं, आणि दात दाखवायला गेल्यावर विचारणारा डॉक्टर.

म्हणून तंबाखू मळणाऱ्या, बार भरणाऱ्या आणि मिशरी लावणाऱ्या माणसाचे दात पांढरे करण्याआधी तोंड नीट तपासलं पाहिजे. गालाच्या आत किंवा ओठामागे, जिथे चिमूट ठेवतात नेमक्या त्याच जागी, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तिखट लागताच आग होते का? दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का? सुपारी आणि गुटख्याने गालाची आतली त्वचा चिवट होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. तीन बोटं जात नसतील तर दातांचा रंग हा पुढचा विषय, आधी तोंडाची तपासणी. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी साधारण २७ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. म्हणजे दवाखान्यात डाग दाखवायला येणाऱ्या चौघांत एकाला तरी हे प्रश्न विचारायलाच हवेत. सोडायची इच्छा असेल तर तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक फुकट लागतो.

घरगुती उपायांचा हिशेब थोडक्यात करतो. राखुंडी, कोळसा, मीठ आणि विटेची पूड घासून डाग निघतो, त्याच्यासोबत कवचही निघतं. काळ्या कोळशाच्या महागड्या पेस्टचीही तीच गत, फक्त वेष्टन छान असतं. लिंबू तर नकोच. तोंडातला पीएच साधारण साडेपाचच्या खाली घसरला, म्हणजे आम्लता तेवढी वाढली, की कवचातलं खनिज विरघळू लागतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. लिंबू-सोडा घासल्यावर दात दोन दिवस पांढरट दिसतात, कारण वरचा थर खरवडला गेलेला असतो. महिनाभराने ते आधीपेक्षा पिवळे दिसतात, कारण डेन्टीन आणखी जवळ आलेलं असतं. बाजारात बसून ॲसिडचा बोळा फिरवून दोन मिनिटांत दात पांढरे करून देणाऱ्याच्या हातात तर तोंड देऊच नये. कडुलिंबाच्या काडीला माझी हरकत नाही. चावून मऊ केलेली काडी हळुवार फिरवली तर ती ब्रशचं काम करते. फक्त तिने आतला रंग जाईल अशी आशा नको.

मळी निघाली, तोंड निरोगी आहे, किडलेले दात भरले आहेत, आणि तरीही दात पिवळे वाटतात. आता ब्लीचिंगची पाळी. यातलं मुख्य द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याचे रेणू इतके लहान की ते कवचातून शिरून काही मिनिटांत डेन्टीनपर्यंत पोचतात. रंगाचे रेणू लांबलचक असतात आणि त्यांच्या रचनेमुळे ते प्रकाशाचा काही भाग शोषतात, म्हणून पिवळे-तपकिरी दिसतात. पेरॉक्साइड त्या लांब साखळ्या तोडतं. तुकडे लहान झाले की ते तो प्रकाश शोषत नाहीत आणि दात उजळ दिसतो. इथे दात खरवडला जात नाही, म्हणून नीट केलेलं ब्लीचिंग लिंबापेक्षा कितीतरी सुरक्षित.

ते दोन प्रकारे होतं. दवाखान्यात हिरड्यांवर रबरासारखा थर लावून त्या झाकतात आणि दातांवर २५ ते ४० टक्क्यांचं जेल पंधरा-वीस मिनिटं ठेवतात, असं दोन-तीनदा. एवढं तीव्र जेल हिरडीला लागलं तर ती भाजून पांढरी पडते, म्हणून झाकण्याचं काम निगुतीने व्हावं लागतं. वर निळा दिवा लावतात. दिव्याने शेवटच्या रंगात फारसा फरक पडत नाही, तेव्हा दिव्याचे वेगळे पैसे द्यायची गरज नाही. उठताना आरशात दात लख्ख दिसतात. त्यातला काही भाग दात कोरडे पडल्याचा असतो, आणि थोड्या दिवसांत तेवढा उजाळा उतरतो. हे आधी सांगितलं नाही तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

दुसरा प्रकार घरी करायचा, आणि माझा कौल त्यालाच. समुद्री शेवाळापासून बनवलेल्या पावडरीत पाणी कालवून दातांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा करतात आणि साच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे ओढतात. या ट्रेमध्ये प्रत्येक दातासमोर ज्वारीच्या दाण्याएवढं जेल घालून तो रात्री लावून झोपायचं. जेल साधारण १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं असतं, आणि त्यातून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू सुटतं. ही पद्धत १९८९ साली अमेरिकेतल्या हेवूड आणि हायमन यांनी दंतवैद्यकाच्या नियतकालिकात मांडली. त्याआधी दोन दशकं तिथल्याच एका दंततज्ज्ञाला हिरड्यांसाठी रात्री ट्रेमधून औषध दिल्यावर दात उजळल्याचं दिसलं होतं. हिरडीवर आलेलं जेल बोटाने पुसायचं, नळी फ्रीजमध्ये ठेवायची. दोन आठवड्यांत बहुतेकांना हवा तो रंग येतो. लहानपणी टेट्रासायक्लिन दिल्यामुळे राखाडी पट्टे पडले असतील तर तीन ते सहा महिने धीर धरावा लागतो. ते औषध आठ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये ते याचसाठी.

दात सळसळले तर एक-दोन रात्री खंड घ्यायचा आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरायची. थांबवलं की सळसळ जाते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी, तसंच १८ वर्षांखालच्यांनी ब्लीचिंग करू नये. तंबाखू चालू असताना तर करूच नये, कारण एका बाजूने रंग उडवायचा आणि दुसऱ्या बाजूने चढवायचा यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कॅप आणि दातांच्या रंगाचं भरलेलं सिमेंट ब्लीच होत नाही. पुढच्या एका दाताला कॅप असेल तर बाकीचे उजळतील आणि ती एकटी जुन्या रंगाची राहील. म्हणून आधी ब्लीचिंग, मग दोन आठवडे थांबून नवी कॅप किंवा भरणी. हे थांबणं आवश्यक आहे, कारण दातात उरलेला ऑक्सिजन नव्या भरणीला नीट चिकटू देत नाही. लग्नाचा हिशेब इथूनच मांडता येतो. सहा आठवडे आधी साफसफाई, मग दोन आठवडे ट्रे, मग मोकळे दिवस.

एखादाच दात काळा-राखाडी असेल तर गोष्ट वेगळी. लहानपणी सायकलवरून किंवा आखाड्यात मार लागतो, आतली नस मरते, रक्तातलं लोह डेन्टीनच्या बारीक नळ्यांत मुरतं. वरून कितीही जेल लावलं तरी तो दात पुरता उजळत नाही. आधी रूट कॅनॉल करायचं, मग दाताच्या पोकळीतच सोडियम परबोरेटची पाण्यात कालवलेली पूड भरून तात्पुरतं बंद करायचं आणि आठवड्याने बदलायची. दोन-चार फेऱ्यांत रंग उतरतो. मुळाच्या तोंडाशी सिमेंटचा पक्का थर देणं डॉक्टरने टाळता कामा नये, नाहीतर पुढे मूळ बाहेरून झिजण्याचा धोका राहतो.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात विहिरी, बोअर आणि टँकरवर पिढ्या वाढल्या. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल आणि ते पाणी आठव्या वर्षाआधी पोटात गेलं असेल, तर घडणाऱ्या कवचातच दोष राहतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा. खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे आणि डाग जोडीने दोन्ही बाजूंच्या दातांवर दिसतात. ते घासून जात नाहीत, कारण ते वरून बसलेलेच नसतात. कवच आतून सच्छिद्र असतं, तिथे प्रकाश विखुरतो. यासाठी सौम्य आम्ल आणि बारीक पुडीने वरचा अगदी पातळ, मिलिमीटरच्या दशांशाएवढा थर डॉक्टर घासून काढतात. दुसरी रीत अशी की त्या छिद्रांत पातळ रेझिन मुरवायचं. कागदावर तेलाचा थेंब पडला की तो भाग पारदर्शक होतो, तसं छिद्रांतली हवा जाऊन रेझिन भरलं की खडूचा पांढरेपणा मावळतो. पण मुलांच्या दातांत डाग दिसले तर आधी पाणी तपासून घ्यावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ते होतं, आणि त्या घरातल्या धाकट्याचे दात अजून वाचू शकतात.

पुढच्या दातांवर नखासारखे पातळ पापुद्रे चिकटवायचे, म्हणजे व्हिनीअर, हा सगळ्यात महाग आणि न परतणारा मार्ग. बहुधा त्यासाठी कवच घासावं लागतं. पंचविशीतल्या निरोगी, नुसत्या पिवळसर दातांवर ते कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

खर्चाची काळजी असेल तर या भागाचं नशीब चांगलं. कराडला लागून मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. सांगलीत वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आहे. आणि कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय. शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या नजरेखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पैसे खाजगी दवाखान्यापेक्षा कमी लागतात. शिवाय डाग दाखवायला गेलेल्याचा गाल, जीभ आणि हिरड्याही तिथे तपासल्या जातात. मुलासोबत गेलेल्या आईने आपलंही नाव केसपेपरवर लिहून घ्यावं.

ब्लीचिंग संपल्यावर पहिले दोन दिवस दात रंग पटकन धरतात. पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं तर डाग पडेल असं काही खायचं नाही: चहा नको, तांबडा रस्सा नको, मिसळ नको, हळदीची आमटी नको. दहीभात, दूध-भाकरी, केळं, पांढरा रस्सा चालेल. त्यानंतर चहा प्यायला हरकत नाही, वर घोटभर पाणी फिरवावं. रंग वर्ष-दोन वर्षांत थोडा परत येतोच. म्हणून ट्रे आणि प्लास्टरचा साचा टाकून देऊ नका. ट्रे थंड पाण्याने धुवायचा, गरम पाण्याने तो वाकडा होतो. वाळवून डबीत ठेवायचा. पुढच्या वेळी नवं माप लागत नाही, डॉक्टरला दाखवून जेलची एक नळी आणायची आणि दोन-तीन रात्री लावायची.